अर्ध्या मिनिटाची शांतता

१

पहिल्यांदा खटकलं ते पाण्याच्या मशीनचं गाणं.

एरवी त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. मुलुंडला गव्हाणपाड्यातल्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये ओट्यावरच्या भिंतीला प्युरिफायर टांगलेलं होतं, आणि टाकी भरली की ते एक धून वाजवायचं. खेळण्यातल्या गाडीची असते तशी, शेवटचा सूर किंचित घसरलेला. शीतल दर वेळी दचकायची. ती तशी कशालाही दचकायची, कुकरच्या शिट्टीला, कुरिअरवाल्याच्या बेलला, स्वतःच्याच फोनला. तिची आई चंपाबाई पूर्वी शेजारणींना हसून सांगायची, की माझी पोरगी म्हणजे चिमणी, टाळी वाजवली की उडाली.

त्या दुपारी धून वाजली तशी शीतलनं सवयीनं स्वयंपाकघराकडे मान वळवली. मशीन गप्प होतं. टाकी निम्मीसुद्धा भरलेली नव्हती, आतून पाण्याची बारीक धार पडताना दिसत होती. मग तिच्या लक्षात आलं की धून स्वयंपाकघरातून आलीच नव्हती. ती आली होती कानाला लावलेल्या हेडफोनमधून.

हेडफोनमध्ये चालू होतं ते तिच्या भावाचं, प्रबुद्धचं, जुनं रेकॉर्डिंग. प्रबुद्ध होळीच्या आधी गेला. मशीन घरात आलं ते दिवाळीला.

२

प्रबुद्ध अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट होता. तिथे मालिकांचं आणि जाहिरातींचं डबिंग चालायचं. त्याच्या कामातला एक भाग कुणाला सांगितला तर लोकांना थट्टा वाटायची, कारण तो खोल्यांची शांतता रेकॉर्ड करायचा. त्यांच्या धंद्यात तिला रूम टोन म्हणतात. दोन वाक्यांच्या मधला आवाज नुसता पुसून टाकला तर कानाला खड्डा लागतो, म्हणून तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते. आणि प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, असं प्रबुद्ध अगदी गंभीरपणे सांगायचा. पंखा, भिंतीतला पाइप, खिडकीबाहेरचा रस्ता, सगळं मिळून एक चव तयार होते म्हणे.

घरी तो हा उद्योग केव्हाही सुरू करायचा. हॉलच्या मध्यभागी माइक धरून उभा राहायचा आणि आधी नाव सांगायचा: "रूम टोन. मुलुंड. घर. अर्धा मिनिट कुणी हलू नका." मग जो जिथे असेल तो तिथे थिजायचा. आई हातातला झारा तसाच वर धरून उभी राहायची, तेल ठिबकत असलं तरी. शीतल श्वास रोखायची. तिला कुणी श्वास रोखायला सांगितलं नव्हतं, पण लहानपणापासून तिला वाटायचं की आपल्याच श्वासानं दादाचं काम बिघडेल. शेवटी तो म्हणायचा, "झालं." आणि तिघंही एकदम हसत सुटायची.

"शांतता कायले पाहिजे रे तुले एवढी?" आई विचारायची. बुलढाण्याची बोली मुंबईत इतकी वर्षं काढूनही तिच्या तोंडून गेली नव्हती. "मेल्यावर हायेच ना."

हे सगळं रेकॉर्डिंग 'घर' नावाच्या एका फोल्डरमध्ये होतं. ते स्टुडिओच्या सर्व्हरवर होतं आणि तसंच्या तसं प्रबुद्धच्या लॅपटॉपमध्येही. नेटवर्क मिळालं की दोन्हीकडची फोल्डरं एकमेकांशी ताडून घ्यायची, इकडचा बदल तिकडे आणि तिकडचा इकडे. नेटवर्क नसलं तरी लॅपटॉपचं काही अडायचं नाही. तो आपल्याजवळच्या प्रतीवर काम करत राहायचा, सर्व्हर आहेच असं समजून. प्रबुद्ध गेल्यावर स्टुडिओनं तो जुना लॅपटॉप घरच्यांनाच देऊन टाकला. तो घेऊन आला होता नितेश, स्टुडिओचे कॉम्प्युटर सांभाळणारा, प्रबुद्धचा मित्र. त्यानं शीतलला बाजूला घेऊन बजावलं होतं.

"सर्व्हरवरून त्याचं सगळं साफ केलंय गं. हा लॅपटॉप परत आमच्या नेटवर्कला लागला, तर तिकडे जे नाही ते हा इकडूनही पुसून टाकेल. ऑफलाइन आहे तोवर आहे. याला फक्त आमचंच नेटवर्क माहितीये. घरच्या वायफायचाही पासवर्ड टाकू नकोस."

शीतलनं तो टाकला नव्हता. नितेशच्या सांगण्यावरून जुन्या फाइली तिनं पेनड्राइव्हवरही उतरवून ठेवल्या होत्या. तरी ऐकायची ती लॅपटॉपवरूनच. सर्व्हर साफ झालाय हे त्या लॅपटॉपला अजून कुणी कळवलं नव्हतं. त्याच्या लेखी प्रबुद्धचं सगळं जागच्या जागी होतं. तिला त्याचा हेवा वाटायचा.

३

मशीनच्या गाण्याला काहीतरी साधं कारण असणार, असं शीतलनं स्वतःला समजावलं. ती बी.कॉम. झालेली मुलगी होती, एका टूर कंपनीत बुकिंगचं काम करत होती, आठवड्यातले निम्मे दिवस घरूनच. अशी मुलगी भुताखेतांच्या नादी लागत नाही. लॅपटॉपला माइक असतो. आपलाच हात कुठेतरी लागला असेल आणि त्यानं घरातले आवाज टिपले असतील.

पण जुनी समजून लावलेली ती फाइल, तारीख पाहिली तर, त्याच दिवशीची होती, आणि तिच्या सुरुवातीला तीन टिचक्या होत्या. प्रबुद्ध माइक चालू आहे ना ते बघायला नखानं तशा टिचक्या मारायचा. तिनं ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर लावली, तर आत काहीच नव्हतं. शांतता नव्हे, तर काहीच नाही, तो म्हणायचा तसला खड्डा.

आईला तिनं सांगितलं नाही. आईला काही सांगावं अशी आईच आता उरली नव्हती. चंपाबाई सकाळी उठून बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, मग खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. ताट समोर नेलं की दोन घास खाऊन बाजूला सरकवायची. "मले नाही भूक," एवढंच. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत खाली यायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर अवघड आहे. त्यांच्याच सांगण्यावरून ते पाण्याचं मशीन आलं होतं, निदान पाण्यानं तरी पोट बिघडू नये म्हणून.

शीतलचा जीव आईत अडकला होता, आणि त्यासोबत एका प्रश्नात. प्रबुद्ध गेला त्या दिवशी बाइकवर ती दोघं भावंडं होती. ऐरोलीच्या पुलाअलीकडे बाइक घसरली. मागे बसलेल्या शीतलचं कोपर खरचटलं, पुढे बसलेला प्रबुद्ध उठलाच नाही. कुणाची चूक नव्हती, पोलिसांनीही तसंच म्हटलं. पण ताट पुढे ठेवताना शीतलला दर वेळी वाटायचं, की दोघांपैकी एकच राहणार होतं, तर आईनं कुणाला ठेवलं असतं? हे विचारता येत नाही. आणि विचारलं नाही तरी घरात ते ओट्यावर, खुर्चीवर, सगळीकडे बसलेलं असतं.

४

पुढच्या आठवड्यात फोल्डरमध्ये आणखी एक फाइल होती. लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवलेला होता, किल्ली शीतलच्या पर्समध्ये होती.

भर दुपार होती. खाली सोसायटीच्या आवारात कुणीतरी गाडी धुत होतं, त्या पाइपाचा आवाज येत होता. आई आतल्या खोलीत झोपली होती. शीतलनं हेडफोन लावले आणि बराच वेळ बटण दाबलंच नाही. मग दाबलं.

तीन टिचक्या. आणि प्रबुद्धचा आवाज, थोडा बसलेला, सर्दी झाल्यासारखा.

"रूम टोन. मुलुंड. घर." मग थांबून, हळू: "अर्धा मिनिट कुणी हलू नका."

शीतलनं श्वास रोखला. तिला हसू यायचं तसं आलं आणि तिथेच त्याचं रडू झालं.

शांतता सुरू झाली. तिला ती पाठ होती. पंख्याची खट्खट, फ्रिजची घरघर. पण हा फ्रिज घरघरून थांबताना एक उचकी देत होता, आणि ती उचकी या महिन्यातली होती, मेकॅनिकला बोलवायचंय म्हणून तिनं फोनमध्ये आठवण लावून ठेवली होती. म्हणजे हे घर आजचं होतं. तोच पंखा, तेच मशीन, तोच म्हातारा होत चाललेला फ्रिज. त्या घरात प्रबुद्ध उभा होता.

ती "झालं" ऐकायला थांबली. अर्धा मिनिट कधीच सरून गेला. फाइल चालूच होती, आणि तो काही "झालं" म्हणत नव्हता. त्या शांततेत कुणीतरी नाक ओढलं. मग ताट सरकवल्याचा आवाज, फरशीवर स्टीलचा.

"मले नाही भूक," आई म्हणाली. हेडफोनमध्ये.

शीतलनं हेडफोन ओरबाडून काढले आणि आतल्या खोलीत गेली. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. श्वासाबरोबर तिची पाठ खालीवर होत होती. शीतल तो श्वास बघत दारातच उभी राहिली, खालचा पाइप बंद होईपर्यंत.

५

तो जिवंत असलेल्या घरातही आई जेवत नाही. हे शीतलला काही केल्या उलगडेना. त्या घरी कशासाठी? तिथे तर तो होता.

तिनं फाइल पुन्हा ऐकली, पुन्हा, शेवटपर्यंत. आईनंतर बराच वेळ नुसती खोली होती. मग माणसं येऊन बसल्यासारखी कुजबुज, चटया अंथरल्याची सळसळ. मग वंदना. पुरुषांचे, बायकांचे मिसळलेले आवाज, मधे कुणाच्या तरी लहान मुलाचा खोकला. तिला ही बैठक ओळखीची होती. प्रबुद्धच्या पुण्यानुमोदनाला अशीच माणसं याच हॉलमध्ये बसली होती, दाराबाहेर चपलांचा ढीग होता. त्या दिवशी भन्तेजींनी गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात तो शब्द लावून म्हटलं होतं, "कालकथित प्रबुद्ध." तो शब्द दादाच्या नावाला चिकटल्यावर शीतलला पहिल्यांदा खरं वाटलं होतं.

हेडफोनमध्ये भन्तेजींचा तोच संथ आवाज आला.

"कालकथित शीतल..."

पुढचं तिला ऐकू आलं नाही. आई रडत होती. गेल्या होळीपासून शीतलनं आईला असं रडताना पाहिलं नव्हतं. इथे ती रडलीच नव्हती, दगड झाली होती. तिथे ती हंबरत होती, "माही चिमणी, माही चिमणी," आणि प्रबुद्धचा बसलेला आवाज, "आई, उठ. थोडं पाणी घे. आई."

आणि मागे, लांब, मशीनचं गाणं. म्हणजे ही बैठक होळीच्या वेळची नव्हती, त्या घरी तिच्यासाठी माणसं अजूनही जमत होती.

शीतल हॉलच्या फरशीवर बसून राहिली. खूप वेळानं तिच्या लक्षात आलं की तिला भीती वाटत नव्हती, किंवा वाटत होती, पण तिच्या खाली दुसरंच काही होतं. इतके महिने ती जे विचारू शकत नव्हती त्याचं उत्तर मिळालं होतं. आईनं कुणालाच सोडलं नसतं. ज्या घरातून जो गेला, त्या घरात ती त्याच्यासाठी उपाशी बसली होती.

संध्याकाळी आईनं खुर्चीतूनच विचारलं, "दुपारी कोणाशी बोलून राहिली होती गं?"

"कोणाशीच नाही."

"प्रबुद्धशी ना?" आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मलेही आयकू येते. तो सारखा गप राहा म्हणते. मंग मी गप राहाते."

६

दुसऱ्या दिवशी शीतलनं सुट्टी टाकली, लॅपटॉप सॅकमध्ये घातला आणि अंधेरीची बस पकडली. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि नितेशशिवाय डोळ्यांपुढे कुणी येत नव्हतं. निघताना आईला ताट वाढून ठेवलं, फोन तिच्या खुर्चीशेजारी ठेवला, वाजला की उचल असं बजावलं. आईनं मान हलवली.

स्टुडिओ एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात होता. शेजारच्या प्रिंटिंग प्रेसचा शाईचा वास दारापर्यंत येत होता. नितेश तिला बघून उठलाच. जेवलीस का, काकी कशा आहेत, किती वाळलीस यार, असं एका दमात विचारून त्यानं तिला त्याच्या काचेच्या खोलीत बसवलं. शीतलनं सॅक मांडीवर धरली. लॅपटॉप काढायचा नाही, नुसतं सांगायचं, असं तिनं बसमध्येच ठरवलं होतं. आणि तिनं सांगितलं, थोडं तुटक, मशीनच्या गाण्यापासून. कालकथित शब्दाशी येऊन मात्र ती थांबली.

नितेशनं आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाला, "शीतल, रागवू नकोस. माझी आजी गेल्यावर मला वर्षभर तिच्या काठीचा आवाज यायचा. आपल्याला हवं असतं गं, म्हणून येतो."

तिला ते पटायला हवं होतं. जवळजवळ पटलंच. आणि तेवढ्यात तिच्या मांडीवर, सॅकच्या आत, पाण्याच्या मशीनचं गाणं वाजलं.

सगळे करतात तेच तिनंही केलं होतं. लॅपटॉप बंद न करता त्याचं झाकण नुसतं मिटलं होतं. आणि ज्या एकाच नेटवर्कपासून त्याला लांब ठेवायचं होतं, त्याच्याच दारात ती त्याला घेऊन आली होती.

"बंद कर, आधी बंद कर तो," नितेश म्हणाला. तिनं लॅपटॉप बाहेर काढून झाकण उघडलं. खालच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी सरकत होती. ऑफलाइन हा शब्द गेला होता.

नितेशनं स्वतःच्या पडद्याकडे धाव घेतली. काहीतरी टाइप केलं, आणि मग त्याचे हात थांबले.

"हे कुणी बनवलं?"

सर्व्हरवर 'घर' नावाचं फोल्डर होतं. प्रबुद्धच्या नावानं. त्यात फाइली होत्या.

"मी स्वतः पुसलं होतं," नितेश म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "शीतल, त्याचा पासवर्ड तुझ्याकडे आहे?"

"नाही."

"मग आता हे कोण सेव्ह करतंय?"

तो स्टुडिओच्या सरांना बोलावतो म्हणून बाहेर गेला. खरं तर त्याला त्या खोलीत थांबवत नव्हतं.

७

लॅपटॉपच्या पडद्यावर एक चौकट आली होती. साधी, राखाडी, हजारो लोकांना रोज येते तशी. दोन्हीकडच्या फोल्डरमध्ये वेगवेगळे बदल झाले आहेत, तेव्हा कोणती प्रत ठेवायची, असं ती विचारत होती. ही ठेवा. ती ठेवा. दोन्ही ठेवा.

शीतल त्याकडे बघत राहिली. हाच प्रश्न होता. कुणी तरी तो शेवटी सरळ विचारला होता, आणि आईला नव्हे, तिला.

बहिणीनं दुसरं काय दाबलं असतं? तिनं दोन्ही ठेवा हे दाबलं.

पट्टी भरभर सरकली आणि नाहीशी झाली. 'घर' होतं तिथेच होतं. त्याच्या खाली आणखी एक 'घर' आलं. आणि सगळ्यात वर एक नवी फाइल, जिची लांबी तिच्या डोळ्यांदेखत वाढत होती.

तिनं हेडफोन लावले. तीन टिचक्या.

"रूम टोन. मुलुंड. घर. अर्धा मिनिट कुणी हलू नका."

तो "कुणी" म्हणाला तसा खोलीत दोन ठिकाणी कपडे सळसळले. एक खिडकीशी, जिथे आईची खुर्ची असते. दुसरं ओट्याशी, खूप हलकं, आणि मग तिथे कुणीतरी श्वास रोखला. लहानपणापासून सवय असल्यासारखा, घाईनं, पूर्ण.

शीतलनं तो ओळखला. स्वतःचा श्वास स्वतःला बाहेरून ऐकू येत नाही, पण ओळखता येतो.

तिनं फोन काढला आणि आईला लावला. तिला फक्त आईचा आवाज हवा होता, "बोल गं" एवढाच. कानाशी रिंग जायला लागली. दुसऱ्या कानात, हेडफोनमध्ये, त्या शांत खोलीत आईचा फोन वाजायला लागला.

कुणी हललं नाही. रूम टोन चालू असताना त्यांच्या घरात कुणी हलत नसे.

रिंग वाजून वाजून बंद झाली. खोलीतला फोनही बंद झाला. तिनं परत लावला. उचल ना आई, ती मनात म्हणत होती, कुठल्याही घरातली असलीस तरी उचल. जेवली असशील तर सांग. नसशील तरी सांग. काचेपलीकडे नितेश पाठमोरा उभा राहून कुणाशी तरी हातवारे करत बोलत होता, आणि त्याचा आवाज आत येत नव्हता.

पुन्हा रिंग. पुन्हा त्या खोलीत फोन. पंख्याची खट्खट. फ्रिजची उचकी. मग खिडकीशी खुर्ची सरकली, आणि बांगड्या मनगटाकडून कोपराकडे घरंगळल्याचा आवाज झाला.

फोन उचलला गेला.

"हॅलो?" आईचा आवाज. किती दिवसांनी त्यात जीव होता. "कोण, शीतू? शीतू, तू तं इथं..."

"आई," मागून प्रबुद्ध हळूच म्हणाला, "बोलू नको. अर्धा मिनिट."

आई गप्प झाली. लाइन चालू होती. आणि अंधेरीत, शाईच्या वासाच्या त्या काचेच्या खोलीत, शीतलनं सवयीनं श्वास रोखून धरला, आणि तो "झालं" म्हणायची वाट बघू लागली.